जागल्या जागेवरच का नाचतो?

दिवाळीच्या सुट्टीत भाच्यानं कम्प्युटरवर एक खेळ रचला. वावर, मधोमध मचाण, मचाणावर पिकाची राखण करणारा जागल्या, आणि बाहेरून येणारी रानडुकरं. खेळणाऱ्यानं जागल्याला हलवायचं नाही. त्याला नियम आधीच लिहून द्यायचे आणि मग नुसतं बघत बसायचं. पहिल्याच डावात जागल्या एक घर पुढे, एक घर मागे, असा जागेवर नाचायला लागला. "मामा, याले काय झालं? नजर लागली काय?" त्याची आजी लिंबू-मिरची घेऊन तयारच होती.

या प्रकारचे खेळ जुने आहेत. 'कोअर वॉर' हा खेळ संगणकशास्त्रज्ञ ए. के. ड्यूडनी यांनी १९८४ साली 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात वाचकांपुढे मांडला. त्यात छोटे प्रोग्रॅम एकाच मेमरीत एकमेकांना मारतात. सर्वांत साधा लढवय्या एका ओळीचा: स्वतःची नक्कल पुढच्या घरात कर. यात 'एआय' कुठेही नाही, हल्ली प्रत्येक 'जर-तर'ला ते नाव चिकटवतात तरीही.

आता तो नाच. नियम असा होता: डुक्कर ५ घरांवर किंवा त्याहून जवळ आलं की धाव, नाहीतर परत फिर. जागल्या एका चालीत १ घर जातो, डुक्कर २. मचाण ० वर, डुक्कर ५ वर. जागल्या धावतो, १ वर येतो; डुक्कर पळून ७ वर जातं. अंतर ६. नियम म्हणतो, परत फिर. जागल्या ० वर, निर्धास्त झालेलं डुक्कर पुन्हा ५ वर. झालं, पहिले पाढे पंचावन्न!

उपाय म्हणजे एका आकड्याऐवजी दोन. ५ वर पाठलाग सुरू, १२ वर बंद. मधल्या अंतरावर काय करायचं? आधी जे चाललं होतं तेच. म्हणजे अंतर ८ असताना एक जागल्या धावतो, दुसरा मचाणावर बसून राहतो, आणि दोघंही बरोबर! कारण पुढची अवस्था नुसत्या अंतरावर नाही, आत्ताच्या अवस्थेवरही ठरते. त्यासाठी जागल्याला 'मी पाठलागावर आहे की नाही' एवढी एकच बिट आठवण द्यावी लागते. याला हिस्टेरेसिस म्हणतात. अमेरिकन शास्त्रज्ञ ऑटो श्मिट यांनी १९३८ साली याच तत्त्वाचं सर्किट प्रसिद्ध केलं. छपरावरच्या टाकीची ऑटोमॅटिक मोटरही अशीच चालते: खालच्या खुणेवर चालू, वरच्या खुणेवर बंद. खूण एकच असती, तर मोटर दर मिनिटाला धडधडली असती.

१२ लिहिल्यावर सहाव्या चालीला डुक्कर १७ व्या घरात गेलं. धुरा (वावराचा बांध) १५ वर, म्हणजे डुक्कर वावराबाहेर. पोरगं खूश.

तुरीची जागल खरोखर करणारे भाऊजी मात्र मागे उभे राहून बघत होते. "बारा लय झाले. हा तिकडं पयते अन् इकून दुसरा कयप शिरते." म्हणून ९ लिहून पाहिलं. नाच थांबला नाही, लांबला: ४ चाली पुढे, ४ मागे. धुऱ्यापार काढायचं तर किमान ११ हवेत, आणि तेवढ्यात मचाण ६ घरं मागे राहतं. बापलेक रात्री अकरापर्यंत त्यावरच भांडत होते.