एफपीएल येतं म्हणून ड्राफ्ट येतोच असं नाही

दर ऑगस्टमध्ये प्रीमियर लीग सुरू व्हायच्या तोंडावर मित्रांच्या ग्रुपवर कुणीतरी ड्राफ्ट लीग काढतं, म्हणजे पाळीपाळीने एकेक खेळाडू उचलून संघ बांधायचा खेळ. आणि वर्षानुवर्षं एफपीएल (फँटसी प्रीमियर लीग, ठरलेल्या बजेटमध्ये खऱ्या खेळाडूंचा संघ निवडून त्यांच्या कामगिरीचे पॉइंट मिळवायचा खेळ) खेळणारी मंडळी तीच जुनी यादी घेऊन बसतात. चौथ्या फेरीत कुणी गोलकीपर घेतो. कुणी एखादा डिफेंडर उचलतो, का, तर साडेचार मिलियनला स्वस्त आहे म्हणून! ड्राफ्टमध्ये किंमत नसतेच. कुणी विचारतं, यंदा डिफरन्शियल, म्हणजे फार थोड्यांच्या संघात असलेला खेळाडू, कोण? इथे प्रत्येक खेळाडू एकाच माणसाकडे असतो, त्यामुळे सगळेच डिफरन्शियल.

एफपीएल नव्याने सांगायची गरज नाही: १०० मिलियन पाउंडांचं बजेट, १५ खेळाडू, एका क्लबचे जास्तीत जास्त तीन, जादा ट्रान्सफरला (खेळाडू बदलायला) उणे चार पॉइंट. ड्राफ्टमध्येही २ गोलकीपर, ५ डिफेंडर, ५ मिडफिल्डर, ३ फॉरवर्ड हेच गणित आणि गोल-असिस्टचे पॉइंटही तेच. बजेट नाही, कॅप्टन नाही, वाइल्डकार्डसारख्या चिप्स (मोजक्या वेळाच वापरता येणाऱ्या खास सवलती) नाहीत. हे फरक पहिल्या आठवड्यातच अंगवळणी पडतात.

लोक अडकतात ते दुसरीकडेच. एफपीएलमध्ये तुम्ही विचारता, ‘सगळ्यात जास्त पॉइंट कोण देईल?’ ड्राफ्टमध्ये विचारायचं असतं, ‘मी आत्ता याला सोडलं, तर पुढच्या पाळीला या जागेसाठी कोण उरेल?’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि ड्राफ्ट हातचा जातो तो यांची गल्लत केल्यामुळेच.

आठ जणांची लीग धरा. एकूण १२० खेळाडू उचलले जाणार, त्यात १६ गोलकीपर आणि २४ फॉरवर्ड. प्रीमियर लीगमध्ये क्लब २०. प्रत्येकाचा एक पक्का गोलकीपर, म्हणजे सगळ्यांचे कोटे भरले तरी चार नियमित खेळणारे शिल्लक राहतात. आता फॉरवर्ड मोजा. बहुतेक संघ एकच स्ट्रायकर खेळवतात, आणि साका, पामर यांच्यासारखे गोल मारणारे खेळाच्या यादीत मिडफिल्डर म्हणून असतात. लीगला हवेत २४ आणि नियमित खेळणारे जेमतेम विसाच्या आसपास. कुणाच्या तरी वाट्याला बेंचवर बसणारा फॉरवर्ड येणारच.

समजा, तुमच्यासमोर १६५ पॉइंटांची अपेक्षा असलेला मिडफिल्डर आहे आणि १५० चा फॉरवर्ड. एफपीएलची सवय सांगते, १६५ घे. पण तुमची पाळी परत येईपर्यंत चांगले फॉरवर्ड संपून १०० वाला उरणार असेल आणि मिडफिल्डर मात्र १५० चा मिळणार असेल, तर बेरीज करा. आधी मिडफिल्डर घेतला तर १६५ आणि १००, म्हणजे २६५. आधी फॉरवर्ड घेतला तर १५० आणि १५०, म्हणजे ३००. कमी पॉइंटांचा खेळाडू आधी घेऊन ३५ पॉइंट जास्त!

पाळी परत कधी येते हे तुमच्या नंबरावर ठरतं. ड्राफ्टचा क्रम सापासारखा वळतो: पहिल्या फेरीत १ ते ८, दुसरीत ८ ते १. पहिल्या नंबरवाल्याला १, १६, १७ आणि ३२ वी निवड मिळते. १ ते १६ आणि १७ ते ३२ या दोन्ही खंडांत मधे १४ खेळाडू जातात. चौथ्याला ४, १३, २०, २९, म्हणजे त्याला फार वेळ ताटकळावं लागत नाही. टोकाला असाल तर लागोपाठच्या दोन निवडींत एक फॉरवर्ड घ्याच, परत येईपर्यंत फळी रिकामी झालेली असते. मी स्वतः पाचव्या फेरीपर्यंत दोन पक्के फॉरवर्ड घेतोच. मैदानात एक फॉरवर्डही चालतो, म्हणून तिसरा शेवटी. गोलकीपर शेवटच्या तीन फेऱ्यांच्या आधी घेऊच नका, यावर माझी तडजोड नाही.

मँचेस्टर सिटीचा स्ट्रायकर हालांड याचं उदाहरण घ्या. २०२२-२३ मध्ये त्याने ३६ गोल मारले आणि २७२ पॉइंट दिले. एफपीएलमध्ये त्याला कॅप्टन करून दुप्पट घेता येत होते, पण तो बहुतेक प्रतिस्पर्ध्यांकडेही होता, त्यामुळे फरक थोडाच पडायचा. ड्राफ्टमध्ये दुप्पट नाहीत, पण ते २७२ लीगमधल्या एकाच माणसाचे. तिथे त्याला पहिला घ्यायचं कारण कॅप्टनपद नाही, त्याच्यामागची ओसाड यादी आहे.

चार जणांच्या लीगमध्ये मात्र यातलं काही लागू होत नाही. जेमतेम ६० खेळाडू जातात आणि सगळ्यांचेच संघ तगडे होतात. निदान आठ जण जमवा.

आणि ड्राफ्ट झाला की झोपू नका. वेव्हर, म्हणजे आपला एक खेळाडू सोडून कुणाकडेच नसलेला मोकळा खेळाडू मागण्याची मागणी, त्या आठवड्याचा संघ ठरवायच्या डेडलाइनच्या २४ तास आधी निकाली निघते, आणि तक्त्यात तळाला असलेल्याला पहिला हक्क मिळतो. त्यानंतर जो आधी उचलेल त्याचा. शनिवारची पहिली मॅच भारतात संध्याकाळी पाचला असेल तर डेडलाइन साडेतीनला, म्हणजे वेव्हर शुक्रवारी दुपारी साडेतीनपर्यंत टाकलेली हवी. ऑक्टोबरअखेर इंग्लंडची घड्याळं मागे गेली की यात एक तास मिळवा.