जुन्या काळातली डेंटल चेअर

अँटिक डेंटल चेअर म्हणजे साधारण १७९० ते १९५० च्या आसपास अमेरिका-युरोपात दाताचे डॉक्टर वापरायचे ती वर-खाली, मागे-पुढे होणारी खुर्ची. दिसायला सलूनच्या खुर्चीची थोरली बहीण, आणि आतली यंत्रणाही बरीचशी तशीच. पण गंमत अशी की यातली बहुतेक सोय पेशंटसाठी नव्हतीच, ती होती तासन्‌तास उभ्याने काम करणाऱ्या डॉक्टरच्या पाठीसाठी आणि खिडकीतून येणाऱ्या उजेडासाठी. हे एकदा डोक्यात बसलं की प्रत्येक दांडा आणि खटका कशाला आहे ते आपोआप कळतं.

त्याआधी काय, तर पेशंट स्टुलावर नाहीतर चक्क जमिनीवर बसायचा, दात काढणारा त्याचं डोकं गुडघ्यांत पकडायचा आणि काम दोन मिनिटांत संपायचं. १७९० मध्ये बोस्टनच्या जोसाया फ्लॅगने साध्या लाकडी विंडसर खुर्चीलाच डोकं टेकायला वर-खाली होणारा आधार लावला आणि खुर्चीचा एक हात रुंद करून त्यावर हत्यारं ठेवायची सोय केली. खास दातांच्या कामासाठी केलेली ही पहिली खुर्ची मानतात. पुढे १८३२ मध्ये लंडनच्या जेम्स स्नेलने पाठ मागे कलणारी खुर्ची आणली.

खरी धावपळ सुरू झाली ती १८५० नंतर, कारण दात नुसते उपटण्याऐवजी सोन्याचा पातळ वर्ख ठोकून ठोकून भरायची पद्धत आली आणि एकेका दाताला तास-दोन तास लागायला लागले, आता एवढा वेळ माणूस एकाच जागी, तोंड उघडं ठेवून बसणार म्हणजे डोकं घट्ट टेकलेलं पाहिजे आणि वरची दाढ असो की खालची, ती डॉक्टरच्या डोळ्यासमोर आली पाहिजे. म्हणून हेडरेस्ट, म्हणजे डोकं टेकायचा आधार, हा या खुर्चीचा सगळ्यात नाजूक भाग. तो खोबणीत बसवलेल्या गोळ्यावर फिरायचा, म्हणजे कुठल्याही बाजूला वळवा आणि स्क्रू आवळा. त्यातही वैताग होताच, पाठ मागे पाडली की पेशंट थोडा खाली घसरायचा, डोकं हेडरेस्टवरून सुटायचं आणि परत सगळं जुळवत बसा.

१८६८ ची जेम्स मॉरिसनची खुर्ची वर-खाली तर व्हायचीच, शिवाय कलायचीही. हा तोच मॉरिसन ज्याने १८७१ मध्ये पायाने चालवायचं ड्रिल काढलं. तेव्हा उंची बदलायला एकतर हँडल फिरवून मळसूत्र चढवायचं, नाहीतर दातेरी पट्टी आणि खटका. दातेरी पट्टीत तर धक्के बसायचे. १८७७ मध्ये बाल्टिमोरच्या बेसिल विल्करसनने हायड्रॉलिक खुर्ची आणली आणि प्रश्न मिटला. पायाने पेडल हाणलं की तेल सिलेंडरमध्ये जाऊन दट्ट्या वर ढकलतं, खुर्ची अलगद चढते. सोडायचा खटका दाबला की पेशंटच्याच वजनाने तेल परत टाकीत आणि खुर्ची खाली. मोटारीचा हायड्रॉलिक जॅक बघितलाय त्याला हे सांगायलाच नको. मोठा फायदा म्हणजे दोन्ही हात मोकळे राहायचे.

खुर्ची स्वतःभोवती फिरायचीही, कारण विजेचे दिवे येईपर्यंत तोंडात उजेड पाडायचा तर ती खिडकीकडे वळवणं भाग होतं. बाजूला पिकदाणी, खाली फूटरेस्ट, लहान मुलांसाठी खुर्चीच्या दोन हातांवर टाकायची फळी.

सजावट मात्र बघण्यासारखी. बिडाच्या पायावर वेलबुट्टी, सिंहाचे पंजे, गादीला लाल मखमल, अगदी दिवाणखान्यात शोभेल अशी. पण जंतूंचं प्रकरण लोकांना पटल्यावर मखमलीतलं रक्त आणि धूळ कोणालाच नको होती, मग आलं चामडं आणि धातूवर पुसता येणारा पांढरा इनॅमलचा लेप. दिसायला ती नवी खुर्ची जास्तच भीतीदायक, पण स्वच्छ.

१९५८ मध्ये पेशंटला जवळपास आडवं झोपवणारी खुर्ची बाजारात आली, डॉक्टर स्टुलावर बसून काम करायला लागले, आणि उभ्या माणसासाठी केलेली ही सगळी उंची-जुळवणी मागे पडली. जुन्या खुर्च्या आता म्युझियममध्ये असतात, काही टॅटूवाल्यांकडे. विकत घ्यायची झाली तर आधी पेडल मारून वर चढवा आणि त्यावर बसून बघा, आपोआप खाली यायला लागली तर तेल अडवणारं आतलं सील बहुधा गेलंय.