जड इअरफोन म्हणजे दमदार आवाज?

‘इअरफोन हाताला जितका जड आणि धातूचा, तितका त्याचा आवाज दमदार’ हा समज वर्षानुवर्षे मोबाइलवर फिरतो आहे. अनेक महागडे इअरफोन धातूचे असल्याने तो पटणे स्वाभाविकही आहे. मात्र स्वर ठरतो तो आतला ड्रायव्हर (आवाज निर्माण करणारा भाग), त्याची स्वरजुळणी आणि टिप, म्हणजे टोकाची मऊ टोपी, कानात किती घट्ट बसते यांवर. धातूमुळे टिकाऊपणा येतो. पण वजनाने इअरफोन सैल झाला, की त्या फटीतून सर्वांत आधी खालचे स्वर निसटतात आणि तबल्याचा डग्गा पोकळ ऐकू येतो.

याची खातरजमा नागपुरातल्या सीताबर्डीच्या दुकानातही करता येते. ओळखीचे गाणे लावून इअरफोन बोटाने हलकेच आत दाबावा. डग्गा एकदम भरीव झाला, तर दोष बहुधा टिपच्या मापाचा असतो, तेव्हा मोठी टिप लावून पुन्हा ऐकावे. दोन इअरफोनची तुलना करताना दोन्हींचा आवाज आधी सारख्या पातळीवर आणावा, कारण किंचित मोठा असलेला आवाज कानाला सरस वाटतो.