वाकलेल्या आलेखातला गंधार

ठाण्यात इलेक्ट्रिक गिटार शिकणाऱ्या मुलांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "काका, रेकॉर्डवर ऐकू येतो तसा लीडचा टोन यायला कुठलं पेडल घ्यायचं?" (लीड म्हणजे गाण्यात पुढे येणारी गिटारची धून, पेडल म्हणजे पायाने चालू-बंद करायची, आवाज बदलणारी डबी.) उत्तरं देणारेही ठरलेलेच. काही जण यादी हातात ठेवतात: अमुक पेडल, तमुक ॲम्प, शक्य असेल तर जुनी गिटार. बाकीचे बोटं पुढे करून म्हणतात, "सगळं इथे असतं." यादी अपुरी आहे आणि बोटांचं उत्तरही अपुरंच आहे. ॲम्पमध्ये, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या यंत्रात, जाणारं व्होल्टेज आडव्या अक्षावर आणि बाहेर येणारं उभ्या अक्षावर मांडलं, तर आलेखाची रेघ काही अंतर सरळ जाते आणि मग वाकते. ब्लूज-रॉकच्या टोनचा जीव त्या वाकण्यात आहे. बोटांचं काम काय आणि पेडलचं काम काय, हेही तिथूनच कळतं.

सुरुवात शाळेतल्या फॅरेडेपासून. चुंबक आणि तांब्याचं वेटोळं यांच्यातलं चुंबकीय क्षेत्र बदललं की वेटोळ्यात वीज निर्माण होते, हा १८३१ सालचा शोध. गिटारच्या पिकअपमध्ये चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तारेचे काही हजार वेढे असतात. वर पोलादी तार थरथरली की क्षेत्र बदलतं आणि मिलिव्होल्टमध्ये मोजावं असं इवलंसं व्होल्टेज मिळतं. ते तसंच्या तसं रेकॉर्ड केलं तर सूर कोरडा लागतो आणि लवकर विझतो.

आता हा संकेत ॲम्पमध्ये जातो. जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह त्याला मोठं करतात. दुप्पट आत गेलं की दुप्पट बाहेर, तिप्पट गेलं की तिप्पट. पण व्हॉल्व्हला पुरवलेल्या व्होल्टेजला मर्यादा असते. त्या मर्यादेजवळ तरंगाचे शेंडे दबू लागतात. आणखी जोर लावला तर छाटलेच जातात. टेलिफोन आणि रेडिओच्या अभियंत्यांनी हा दोष घालवण्यासाठी आयुष्यं वेचली. १९६६ साली लंडनमध्ये डेका कंपनीच्या स्टुडिओत जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्स या बँडबरोबर वाजवताना एरिक क्लॅप्टन या जेमतेम एकविशीच्या मुलाने हट्ट धरला, की मार्शल कंपनीचा ॲम्प मी कार्यक्रमात ठेवतो तेवढ्याच मोठ्या आवाजात ठेवणार. तो हट्ट केवळ मोठ्या आवाजाचा नव्हता. त्याला तो दोषच हवा होता.

शेंडा दबला की नेमकं काय होतं? गिटारवर ४४० हर्ट्झचा सूर वाजवला आणि त्याला सा मानलं असं समजू. दबलेल्या तरंगाचं गणित मांडताना मूळ साइनमधून तिच्या घनाचा थोडा अंश वजा करावा लागतो, आणि साइनचा घन उलगडला की त्यातून तिप्पट कोनाचा साइन बाहेर पडतो. म्हणजे १३२० हर्ट्झ: वरच्या सप्तकातला पंचम. पाचवा घात घेतला तर २२०० हर्ट्झ: त्याच्याही वरचा गंधार. सातव्यातून ३०८० हर्ट्झ मिळतो, जो पियानोच्या कोमल निषादापेक्षा किंचित उतरलेला असतो. शेंडे आणि दऱ्या सारख्याच दाबल्या तर असे विषम पटीतलेच स्वर वाढतात. पण व्हॉल्व्हचा पहिला टप्पा सहसा एकाच बाजूला जास्त दाबतो. मग साइनचा वर्गही हिशेबात येतो, आणि त्याच्याबरोबर सम पटीतले स्वर येतात: ८८० हर्ट्झचा वरचा सा, १७६० हर्ट्झचा त्याच्याही वरचा सा. पंचम आणि गंधारामुळे सुराला धार येते, वरच्या षड्जांमुळे भरीवपणा. चांगल्या टोनमध्ये या दोन्हींचं प्रमाण जमलेलं असतं.

आपल्या कानाला हे अनोळखी नाही. गडकरी रंगायतनमध्ये गाण्याच्या मैफलीला पुढे बसलात, तर उत्तम जुळलेल्या तंबोऱ्यातून स्वयंभू गंधार ऐकू येतो. गंधाराला लावलेली तार तिथे नसतेच. खर्जाच्या तारेची वारंवारता पाचपट केली की तो गंधार मिळतो, आणि जवारीमुळे, म्हणजे घोडीच्या घासलेल्या माथ्यामुळे, तो उजळतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना नेमकी हीच गोष्ट हेरली होती. तार ज्या बिंदूवर छेडली, तिथे ज्या उपस्वरांचा (मूळ सुराच्या पटीतल्या स्वरांचा) स्थिर बिंदू येतो ते उपस्वर निघायलाच नकोत, असा नियम सांगतो. तंबोऱ्यात ते निघतात. कारण पसरट घोडीवर तार टेकत-सुटत राहते, आणि कारण व परिणाम यांचं सरळ प्रमाण तिथे मोडतं. मिरजेचा कारागीर घोडी घासून आणि तारेखालचं सूत सरकवून जे साधतो, ते ब्लूज-रॉकचा गिटारवाला व्हॉल्व्हच्या आलेखावर साधतो. रचना वेगळी, पण नवे स्वर जन्मतात ते दोन्हीकडे प्रमाण मोडल्यामुळेच.

या वाकण्याचा दुसरा परिणाम मला त्याहूनही आवडतो. सतारवादक ज्याला आस म्हणतात, म्हणजे छेडल्यानंतर मागे उरणारा सूर, ती गिटारमध्ये इथूनच येते. समजा, संकेत १ मिलिव्होल्टच्या वर गेला की ॲम्प छाटायला लागतो आणि तुम्ही तार छेडून १०० मिलिव्होल्ट दिले. हे शंभरपट जास्त झालं, म्हणजे ४० डेसिबल. तारेतली ऊर्जा ओसरताना सेकंदाला १० डेसिबल घटत असेल, तर पहिले चार सेकंद बाहेरचा आवाज जवळपास हलतच नाही. तार विझत असते, पण छाटलेल्या तरंगाची उंची तीच राहते. चार सेकंद टिकलेल्या सुरावर मींड घेता येते, आंदोलन देता येतं, तो गळ्यासारखा वागू लागतो. आणि या काळात उपस्वर स्थिर नसतात. सुरुवातीला छाटणी जोरात असते म्हणून सूर तिखट असतो, संकेत घटत जातो तसा तो गोल होत जातो. गायक स्वर लावून हळूहळू तोंड मिटत नेतो, तसा.

आता थोडं अवघड. एका सुराऐवजी दोन सूर एकदम गेले तर वाकलेला आलेख त्यांचा गुणाकार करतो, आणि गुणाकारातून त्या सुरांच्या नि त्यांच्या पटींच्या बेरजा-वजाबाक्या निघतात. ११० आणि १६५ हर्ट्झ, म्हणजे सा-पंचम, पाठवा. ५५, २७५ आणि २२० हर्ट्झ बाहेर येतात. सगळ्या ५५ च्या पटी, म्हणून रॉकमधली सा-पंचमाची जोडी एवढी भक्कम वाटते. सा-गंधार पाठवा. शुद्ध गंधार १३७.५ हर्ट्झवर आहे, पण गिटारचे पडदे समान अंतराच्या सप्तकात बसवलेले असल्यामुळे तो १३८.६ च्या आसपास पडतो. मग ८१.४ आणि १६७.२ असे स्वर निघतात. ते २७.५ च्या पटींवर बसत नाहीत, एकमेकांवर आपटतात आणि चिखल होतो. त्यात व्हॉल्व्हच्या आतली भानगड वेगळीच. संकेत फार मोठा झाला की व्हॉल्व्हमधला प्रवाह आवरणारी जाळी धन होऊन स्वतःच प्रवाह ओढते, तिच्याआधीचा वीज साठवणारा कपॅसिटर भारित होतो आणि व्हॉल्व्हचा कामाचा बिंदू काही क्षण सरकून बसतो. त्यामुळे छाटणी अधिक एकतर्फी होते. शिवाय रेक्टिफायर (घरातली वीज एका दिशेची करणारा भाग) हाही व्हॉल्व्हचा असेल, तर जोरात छेडल्याबरोबर पुरवठ्याचं व्होल्टेज खचतं आणि काही मिलिसेकंदांनी सावरतं. आघात दबतो, सूर मागून फुलतो. छाटणीची मर्यादाच क्षणाक्षणाला बदलत असते आणि ती आत्ता काय वाजवलंय यावर अवलंबून असते.

बोटांचं महत्त्व इथे कळतं. हलक्या हाताने छेडलं तर संकेत सरळ रेषेवर राहतो, जोर दिला तर वाकणावर जातो. गेन, म्हणजे संकेत किती मोठा करायचा ते ठरवणारं बटण, अशा जागी ठेवलेलं हवं की हात हेच नियंत्रण होईल. सारखं गेन वाढवत गेलं तर तरंग चौकोनी होतो, हळू आणि जोरात यांत फरक उरत नाही, आणि ठाण्यातल्या फ्लॅटमधली ५० हर्ट्झची गुणगुण नि पंख्याच्या रेग्युलेटरची खरखरही तेवढ्याच पटीत मोठी होते. (त्या गुणगुणीवरचा उपाय सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये गिब्सन या गिटार कंपनीसाठी शोधला: उलट्या चुंबकांची, उलट वेढ्यांची दोन वेटोळी शेजारी ठेवायची. तारेचा संकेत जोडला जातो, बाहेरची गुणगुण कापली जाते.) आवडत्या रेकॉर्डवरचं डिस्टॉर्शन, म्हणजे ही छाटणी, लक्ष देऊन ऐका. आठवणीत असतं त्यापेक्षा ते बरंच कमी निघतं.

पेडलचं काम या वाकणाच्या आधी आणि नंतर गाळण्या बसवणं. आधी काय गाळलं त्यावर डिस्टॉर्शनचा पोत ठरतो, नंतर काय गाळलं त्यावर त्याचा रंग. ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉन वापरायचा ते आयबानेझ कंपनीचं हिरवं ट्यूब स्क्रीमर पेडल बघा. ७२० हर्ट्झच्या खालचा भाग त्यात कमी वाढवला जातो, त्यामुळे खर्ज छाटणीत शिरून चिखल करत नाही. छाटणी झाल्यावर पुन्हा ७२० च्या आसपासच वरची धार उतरवली जाते. मधला पट्टा तेवढा पुढे येतो. वॉन त्याचं ड्राइव्ह (छाटणीचा जोर) कमी आणि व्हॉल्यूम जास्त ठेवून पुढच्या ॲम्पला ढकलायचा, म्हणजे खरी छाटणी ॲम्पमध्ये व्हायची.

या पेडलच्या जुन्या नगांना सेकंडहँड बाजारात मिळणारी किंमत आतल्या ४५५८ या चिपच्या नावावर उभी आहे. विशिष्ट वर्षाची, विशिष्ट शिक्क्याची चिप म्हणजे जणू गंडा बांधलेला ताईत. ही चिप ढिगाने बनलेली, स्वस्त, सर्वसाधारण कामाची आहे. या सर्किटमध्ये शेंडे दाबतात ते दोन साधे सिलिकॉन डायोड, आणि तेही चिप स्वतःच्या मर्यादेला पोचायच्या कितीतरी आधी. जुन्या शिक्क्यासाठी हजारो रुपये मोजणाऱ्या मुलांना मी हात जोडून सांगतो, ते पैसे ॲम्पच्या स्पीकरवर घाला. केबलवर कोरलेल्या बाणाचंही तसंच. संकेत प्रत्यावर्ती आहे, तो सेकंदाला शेकडो वेळा दिशा बदलतो, बाण बघत नाही. केबलची लांबी मात्र खरंच ऐकू येते. दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धारिता (वीज साठवण्याची क्षमता) असते आणि ती पिकअपच्या वेटोळ्याशी मिळून एक अनुनाद, म्हणजे ठरावीक वारंवारतेला उठाव, तयार करते. केबल लांब झाली की तो अनुनाद खाली सरकतो आणि वरची चमक जाते.

स्पीकरवर पैसे घाला म्हणालो, कारण छाटणीतून निघालेले उपस्वर १० हजार हर्ट्झच्याही पुढे जातात आणि ऐकायला असह्य असतात. १२ इंची गिटार स्पीकर ५ हजार हर्ट्झनंतर झपाट्याने मुका होतो. ही शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची गाळणी. पेडलमधून थेट साउंडकार्डात रेकॉर्ड करणाऱ्यांचा टोन कर्कश येतो तो ती नसल्यामुळे. त्यानंतर माईक. शुअर एसएम५७ हा १९६५ पासूनचा साधा माईक आजही स्पीकरच्या जाळीला टेकवून लावतात. ४ हजार हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी साधारण साडेआठ सेंटिमीटर, म्हणजे स्पीकरच्या व्यासापेक्षा बरीच लहान. म्हणून असे तीव्र स्वर मधून सरळ पुढे झेपावतात आणि बाजूला कमी पडतात. माईक मधल्या टोपीवरून दोन बोटं कडेला सरकवला की टोन मऊ होतो. ॲम्पवरची सगळी बटणं फिरवण्याआधी हे करून पाहावं. दोन माईक लावलेत आणि त्यांच्या अंतरात १७ सेंटिमीटरचा फरक राहिला, तर अर्ध्या मिलिसेकंदाचा उशीर होतो आणि १००० हर्ट्झच्या आसपासचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. नेमका लीडचाच पट्टा.

हे सगळं घोडबंदर रोडवरच्या सतराव्या मजल्यावर जमायचं कसं? गिटारचा स्पीकर एका वॅटला एक मीटरवर ९७ ते १०० डेसिबल देतो. निवासी भागात रात्री १० नंतरची मर्यादा ४५ डेसिबल. ५० वॅटऐवजी ५ वॅटचा ॲम्प घेतला तरी फक्त १० डेसिबल कमी होतात, कानाला आवाज जेमतेम निम्मा वाटतो. म्हणून संगणकातलं ॲम्पचं मॉडेल वापरा, त्यात कमीपणा काही नाही. फक्त त्यातला फरक लक्षात घ्या. स्पीकर आणि माईक जवळपास सरळ प्रमाणात वागतात, त्यामुळे त्यांचा एका टिचकीला मिळालेला प्रतिसाद साठवला की पुरतो. व्हॉल्व्हचं तसं नाही. त्याचं वागणं आधीच्या सुरावर अवलंबून असतं, म्हणून तिथे पूर्ण सर्किट सोडवावं लागतं किंवा न्यूरल नेटवर्कला शिकवावं लागतं. आणि हळू आवाजात कान खर्ज आणि तीव्र स्वर कमी ऐकतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजलं आहे. रात्री हेडफोनवर गोड वाटावं म्हणून दोन्ही टोकं वाढवून मधला पट्टा उतरवलात, तर ड्रम आणि बास आल्यावर तुमचा लीड दिसेनासा होतो.

हेडफोनमध्ये एक गोष्ट मात्र येत नाही. मोठ्या आवाजातल्या स्पीकरची हवा तारेला परत हलवते, आणि हवेचा नि तारेचा हेलकावा जुळला तर विझणारा सूर पुन्हा उठतो, कधी मूळ सुरावर, कधी त्याच्या पंचमावर. त्यासाठी शेवटच्या रेकॉर्डिंगपुरती वाशी-नेरूळकडची एखादी जॅमरूम तासभर घ्यावी. ४४० हर्ट्झची तरंगलांबी ७८ सेंटिमीटर, म्हणजे ३९ सेंटिमीटर मागेपुढे झालं की हेलकावा उलटा पडतो आणि फुलणारा सूर मरतो. ॲम्पसमोर हळूहळू सरकत सूर जिथे आपोआप वर येतो ती जागा शोधावी, तिथे जमिनीवर चिकटपट्टी लावावी, आणि त्या सुराची वेळ आली की नेमकं तिथे उभं राहावं.