ताई-चीचा लाकडी गोळा मागवण्याआधी

"जरा मोठाच द्या, वापरता वापरता सवय होईल." ताई-ची या संथ हालचालींच्या चिनी युद्धकलेच्या सरावासाठी आमच्याकडे लाकडी गोळा मागवणारे बहुतेक जण असं म्हणतात आणि महिनाभरात त्यांचाच फोन येतो: खांदे भरून येतात, लहान बदलून द्या. तेच तेच फोनवर समजावण्यापेक्षा एकदा लिहून काढलं.

घोटाळा इंचांचा आहे. 8 इंची भरीव सागाचा गोळा पावणेतीन ते तीन किलो भरतो. "फक्त दोन इंच मोठा" म्हणून 10 इंची घेतलात, तर तो साडेपाच किलोंचा होतो. 12 इंची थेट साडेनऊच्या वर. व्यास दीडपट, वजन तिपटीपेक्षा जास्त. फोटोत हे कळत नाही. शिसवीचा गोळा याहूनही जड. घरच्या घरी अंदाज घ्यायचा असेल तर तीन किलो तांदळाची पिशवी दोन्ही तळव्यांमध्ये बेंबीसमोर धरा, कोपरं खाली सैल सोडा, गुडघे किंचित वाकवा आणि पाच मिनिटं उभे राहा. खांदे कानाकडे चढले किंवा श्वास अडला तर 8 इंचीसुद्धा तुम्हाला आज जड आहे. 6 इंची घ्या, तो सव्वा किलोच्या आसपास असतो.

हा गोळाफेकीचा गोळा नाही, डंबेलही नाही. माबूत, म्हणजे घोड्यावर बसल्यासारखं उभं राहून, गोळा ओटीपोटासमोर धरायचा आणि उभी, आडवी वर्तुळं काढायची. चिनी गुरू ज्याला दानथ्येन म्हणतात ती जागा बेंबीच्या खाली. हालचाल तिथून आणि कमरेतून निघते, हात नुसते सोबत जातात. गोळा लांब जाताना उच्छ्वास, जवळ येताना श्वास. पुढे तळवे एकमेकांभोवती फिरवत गोळा फिरवायचा, एक वर, एक खाली, पण त्वचा आणि लाकूड यांची गाठ सुटू द्यायची नाही. हनान प्रांतातल्या छन घराण्याच्या ताई-चीत या पिळाच्या हालचालीला कोशातून रेशीम उलगडण्याची उपमा देतात: हिसका दिला की धागा तुटतो.

जड गोळ्याने नेमकं इथेच बिघडतं. कमरेला फिरायची उसंत मिळत नाही, दंड वजन उचलतात, तळवे गोळा दाबून धरतात. दंड कमावले जातात, चीगोंग, म्हणजे श्वासाच्या लयीत करायचा संथ चिनी व्यायाम, होत नाही. आणि ज्यांना हे युद्धकलेसाठी हवं आहे त्यांचं नुकसान जास्त. तुइशौमध्ये, म्हणजे दोघांनी मनगटं टेकवून करायच्या सरावात, समोरच्याचा जोर कुठून येतोय हे स्पर्शाने ओळखायचं असतं. दाबून धरलेल्या हाताला ते कळत नाही. हलक्या गोळ्यावर तळवा शिकतो, मग वजन वाढवा. आमच्याकडे 10 इंची घेणारे जुने गिऱ्हाईक असेच टप्प्याने आलेले आहेत.

"बास्केटबॉल चालेल का?" पहिले काही आठवडे जरूर चालेल, तो 600 ग्रॅमच्या आसपास असतो. वर्तुळांची ओळख होते. पण वजन नसल्याने तो चुकीचा हात खपवून घेतो. लाकूड ताबडतोब दाखवून देतं. तळहातात फिरवायचे किणकिणणारे लोखंडी गोळे मात्र वेगळे, ते हपै प्रांतातल्या बाओदिंगचे. ते आम्ही ठेवत नाही.

मोठ्या गोळ्यावर जोडाच्या रेषा दिसतात, त्यावरून आम्हाला दोन-चार शब्द ऐकावे लागतात. एवढा जाड ओंडका आतपर्यंत वाळायला वर्षं लागतात आणि न वाळलेला कातला की तडकतो. म्हणून 10 इंचांपासून पुढे आमचा कातारी वाळलेल्या फळ्या चिकटवून मगच लेथवर चढवतो. मेहनत जास्त, लाकूड तेवढंच. चकचकीत पॉलिशही मुद्दाम करत नाही, घामाने हात चिकटतो. जवसाच्या तेलाचा हात दिलेला असतो. खोबरेल लावू नका, ते वाळत नाही. गॅलरीतल्या उन्हात ठेवू नका. अंगठ्या, बांगड्या काढून सराव करा.

याने बीपी, शुगर जाते असं आम्ही सांगत नाही. गुडघा, मणका किंवा खांद्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

वापरलेला गोळा बदलून मिळत नाही. चरे पडलेला आम्ही दुसऱ्याला कसा देणार, आणि तीन किलोंच्या पार्सलचा दोन्हीकडचा खर्चही थोडका नसतो. न वापरलेला आठ दिवसांत परत घेतो. ऑर्डर देताना वय, किती दिवस ताई-ची करताय आणि तांदळाच्या पिशवीचं काय झालं एवढं कळवा. थेट 12 इंची हवा असेल तर तुमच्या सरांना फोनवर द्या.