कोकणातली दंतमंजने आणि फ्लोराइडचा प्रश्न

टूथपेस्टच्या ट्यूबवर ‘फ्लोराइडविरहित’ ही अक्षरे अलीकडे ठळकपणे छापली जातात; फ्लोराइड म्हणजे दातांची कीड रोखण्यासाठी पेस्टमध्ये घातला जाणारा घटक. परंतु रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या घरांत दात घासण्याची जुनी साधने सगळीच तशी होती. भाताचे तूस जाळून केलेली राखुंडी, मीठ, आंब्याचे दुमडलेले पान, करंजाची नाहीतर निंबाची काडी, यांवरच पिढ्यान्‌पिढ्या भागत असे. गिरणगावातले चाकरमानी सणासुदीला गावी येऊ लागल्यावर त्यांच्या ट्रंकेतून मुंबईची काळी टूथ पावडरही परसदारापर्यंत पोहोचली. पुढे १९५२ मध्ये केशव विष्णू पेंढारकर यांनी परळ येथे विकोची स्थापना केली. त्यांच्या ‘वज्रदंती’चा आधार आयुर्वेद हा होता, फ्लोराइडची भीती नव्हे. हे मंजन औषध की प्रसाधन, हा वाद मात्र करआकारणीपायी न्यायालयांत वर्षानुवर्षे चालला.

या परंपरेचा सगळाच वारसा निरुपद्रवी नव्हता. राखुंडी खरखरीत असल्याने दातांवरचे कवच झिजवते, आणि तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मशेरी तर दंतमंजन म्हणून सुरू होऊन व्यसन म्हणून उरते. दंतमंजनांत आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास १९९२ मध्ये केंद्र सरकारने बंदी घातली खरी, पण घरच्या तव्यापर्यंत असा नियम कसा पोहोचणार?

फ्लोराइडची कथा सुरू झाली ती डागाळलेल्या दातांपासून. फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याने १९०१ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे व्यवसाय सुरू केला, तेव्हा तेथे वाढलेल्या अनेकांचे दात तपकिरी असल्याचे त्याला आढळले. मात्र हेच दात किडीला सहसा बळी पडत नव्हते. कारण उमगायला तीस वर्षे गेली. ॲल्युमिनियमची भांडी आरोग्यास घातक असल्याचा प्रवाद तेव्हा जोरात होता आणि खाणकामगारांच्या बॉक्साइट या अमेरिकेतल्याच गावी असेच डाग दिसल्याने ॲल्युमिनियम बनवणाऱ्या अल्कोआ कंपनीला आपल्यावर बालंट येण्याची धास्ती होती. म्हणून तिचा रसायनतज्ज्ञ चर्चिल याने १९३१ मध्ये तेथले पाणी तपासले, तेव्हा त्यात फ्लोराइड निघाले. लिटरमागे सुमारे १ मिलिग्रॅम एवढ्या प्रमाणात डाग नगण्य राहतात आणि कीड कमी होते, हे अमेरिकी दंतवैद्य ट्रेंडली डीन यांच्या पाहण्यांतून दिसले. त्यावरून १९४५ मध्ये अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात फ्लोराइड मिसळण्यास प्रारंभ झाला.

पेस्टमध्ये ते आणणे सोपे नव्हते, कारण दात घासण्यासाठी घातलेला खडू फ्लोराइडला बांधून निकामी करत असे. सुसंगत घटकांची जोडी साधून ‘क्रेस्ट’ ही फ्लोराइडयुक्त पेस्ट अमेरिकेच्या बाजारात आली ती १९५० च्या दशकाच्या मध्यावर, आणि खडूबरोबरही टिकणारे सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट हे फ्लोराइडचे संयुग नंतर रूढ झाले. आम्लाने दातातून निघून गेलेली खनिजे परत बसण्यास फ्लोराइड मदत करते, शिवाय त्यातून तयार होणारा थर आम्लाला सहजासहजी दाद देत नाही.

भारतात मात्र फ्लोराइडची ओळख आधी रोग म्हणून झाली. १९३७ मध्ये तत्कालीन मद्रास प्रांतातील नेल्लोर भागात हाडे ताठरवणारा फ्लोरोसिस नोंदला गेला. महाराष्ट्रातही चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांत विंधन विहिरींचे पाणी ही खरी डोकेदुखी आहे. तेथे सावधगिरी रास्तच म्हणावी लागेल. पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइडसाठी भारतीय मानक लिटरमागे १ मिलिग्रॅम आहे, आणि पर्यायी स्रोत नसल्यास १.५. परंतु धोधो पावसाने धुऊन निघणाऱ्या जांभ्याच्या कोकणाला चंद्रपूरची भीती जशीच्या तशी लावण्यात मला अर्थ दिसत नाही. ज्याच्या-त्याच्या परसात विहीर असलेल्या वाड्यांत पाण्यावाटे फ्लोराइड देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, त्यामुळे ते मिळण्याचा व्यवहार्य मार्ग पेस्ट हाच राहतो. भारतीय नियमांनुसार तिच्यात १००० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत हजार भागांपेक्षा) अधिक फ्लोराइड चालत नाही आणि प्रमाण ट्यूबवर छापावे लागते. तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे वाटाण्याएवढी पेस्ट पुरते.

पर्यायांपैकी लवंगतेल ठणका बधिर करते, कीड थांबवत नाही. दाताच्याच खनिजाशी जुळणाऱ्या हायड्रॉक्सिॲपेटाइटला जपानने १९९३ मध्ये कीडरोधक घटक म्हणून मान्यता दिली. फ्लोराइड टाळायचेच असल्यास विचार करण्याजोगा पर्याय आज तोच, जरी त्यामागचा पुरावा फ्लोराइडइतका दीर्घकाळचा नाही.