बाकीचे काय करतात?

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, चॅपल हिलला, 10 ऑगस्ट 2020 रोजी वर्ग भरले. आठवडाही नीट उलटला नाही तोच, 17 तारखेला, पदवीचे वर्ग ऑनलाइन घेण्याचा निर्णय जाहीर झाला. वसतिगृहांत कोविड पसरला होता. खापर फुटलं ते पार्ट्या करणाऱ्या मुलांवर. महाराष्ट्रातली बहुतेक मुलं तेव्हा घरी होती, आईवडिलांच्या नजरेसमोर. तिथली मुलं मात्र आपल्याच वयाच्या मुलांच्या नजरेसमोर राहत होती, आणि त्या नजरेचा अभ्यास जुना आहे.

1931 साली डॅनियल कॅट्झ आणि फ्लॉइड ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्याच सिराक्यूज विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची मतं तपासली. मनातलं मत एक, पण 'बाकीच्यांना ते पटणार नाही' अशा समजुतीने जो तो गप्प, असं त्यातून पुढे आलं. 1986 मध्ये वेस्ली पर्किन्स आणि अ‍ॅलन बर्कोविट्झ यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या एका छोट्या कॉलेजात दारूबद्दल हेच दाखवलं. दारूच्या बाबतीत सोबती जितके सैल आहेत असं मुलांना वाटत होतं, तितके ते प्रत्यक्षात नव्हते. दंगा करणारे चौघे साऱ्या मजल्याला ऐकू येतात. खोलीत वाचत बसलेले चाळीस जण कुणाला दिसत नाहीत. मग त्या चौघांचीच रीत सगळ्यांची वाटू लागते.

यावर उपाय म्हणून 'बहुतेक विद्यार्थी बेतानेच पितात' अशी पोस्टर्स कॉलेजांत लागली. 2003 मध्ये संशोधक हेन्री वेक्स्लर यांनी अशी मोहीम राबवणाऱ्या 37 कॉलेजांची तुलना इतर 61 कॉलेजांशी केली, तेव्हा पिणं कमी झाल्याचं दिसलं नाही. मला हा धडा मोलाचा वाटतो. जे रोज डोळ्यांना दिसतं, त्यापुढे भिंतीवरचा आकडा फिका पडतो.

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी आणखी एक धोका दाखवला होता. 'फार लोक नियम मोडतात' अशी तक्रार केली की मोडणं हीच रीत आहे, असा निरोप जातो. 2020 मध्ये पार्ट्यांचे व्हिडिओ दाखवून मुलांना रागावताना नेमकं हेच घडत होतं. मास्क लावून खोलीत एकटं जेवणाऱ्या मुलीचा व्हिडिओ कोण काढणार?

इलिनॉय विद्यापीठाने वेगळी वाट धरली. आठवड्यातून दोनदा लाळेची चाचणी, आणि इमारतीत शिरताना ती निगेटिव्ह असल्याचं फोनवर दाखवायचं. पार्ट्या होणार हे तिथल्या अभ्यासकांनी आपल्या गणितात धरलं होतं; संसर्ग झालेली काही मुलंही पार्टीला जातील, हे धरलं नव्हतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला रुग्ण वाढले, निर्बंध कडक झाले. वर्ग मात्र चालू राहिले. चाचणी करून आलेला प्रत्येक जण तिथे दारातच इतरांना दिसत होता.